सातवी जागा

साखळीचे सहा सामने झाले होते, आणि सहाच्या सहा हरून बोरीपाड्याचं नवतरुण मंडळ सातव्या सामन्यावर येऊन टेकलं होतं. रविवारी दुपारी तीन वाजता, मुरबाडला. आता हरलं की कबड्डीच्या अ गटातून ब गटात जायचं. राघोने मंडळ काढलं त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत करंडक चारदाच घरी आला, पण गट कधी सुटला नव्हता.

हौसाला आठवडाभर अन्न गोड लागत नव्हतं. बहात्तर वर्षांची बाई. पण मंडळाचा सामना म्हटला की गोणपाटाची घडी काखेला मारून सगळ्यांच्या आधी टेम्पोत बसलेली. मैदानाच्या कडेला, पंचांच्या खुर्चीला लागून तिची बैठक. किन्हवलीपासून सरळगावपर्यंतचे पंच तिला ओळखत होते आणि थोडे घाबरतही होते.

या वर्षी मात्र तिने पाहावं तरी काय? पहिला सामना किन्हवलीत, तीन गुणांनी पुढे असताना शेवटच्या दोन मिनिटांत घालवला. दुसऱ्यात दीपेश, तिच्या वारलेल्या भावाचा, राघोचा नातू, समोरच्या कुणाचं बोटही न लागता आपणच रेषेबाहेर गेला, आणि वर पंचांशी भांडला. भातसानगरला तर दोनदा लोण चढला, सातही गडी बाद होऊन बाहेर बसले. "बाहेर बसायलाच आलाव का रं? घरी ओटी काय कमी व्हती?" हौसा ओरडली, तेव्हा समोरच्या संघाची माणसंसुद्धा हसली. ते हसणं तिला हरण्याहून जास्त लागलं. चौथ्या आणि पाचव्या सामन्याविषयी तिने घरी आल्यावर कुणाला सांगितलंच नाही. आणि सहाव्यात साईनाथ पडला.

साईनाथ म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा, महिपतचा धाकटा मुलगा. तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून हौसाच्या हाताखाली वाढलेला. चौदा वर्षं संघाचा कप्तान. आता एक्केचाळिशीला आला होता, आणि शहापूरची पोरं त्याला मैदानात उतरताना पाहून "आले, नवतरुण आले!" म्हणून शिट्ट्या मारायची. त्या दिवशी त्याने समोरच्या गड्याची मांडी धरली. पकड पक्की होती. हौसा उभीसुद्धा राहिली. एवढ्यात त्याचा उजवा गुडघा दुमडला आणि गडी तिघांना बाद करून निघून गेला. साईनाथ उठला, हसला, आणि अजिबात न लंगडता जागेवर गेला. पाऊल मोजून टाकत गेला. हौसाने ते पाहिलं.

रविवारी सकाळी दहाला सगळे महिपतच्या ओटीवर जमले. कोरा चहा झाला. मधोमध सतरंजीवर सात जर्सींची थप्पी ठेवली होती.

ही रीत तिघा भावांच्या वाटणीपासूनची. त्याआधी संघ सगळ्या पाड्याचा होता. भाताची झोडणी उरकली की खळ्यावरच राखेने रेषा मारायच्या, आणि ज्याच्या अंगात दम त्याने उतरायचं. मंडळ निघायच्याही आधी, हौसा लहान होती तेव्हापासूनचं हे. भावांचे सदरे मांडीवर घेऊन ती खळ्याच्या कडेला बसायची आणि राघोचा हुतूतू सुरू झाला की आपलाही श्वास धरायची. राघोच्या आधी तिचा श्वास कधी सुटला नाही. मुरबाडला सामना असला की सगळे पहाटे पायी निघायचे, फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट. एकदा राघो चार गडी अंगावर लोंबकळत असताना मधल्या रेषेवर पालथा पडला होता. हाताची चार बोटं रेषेपलीकडे, तोंडात मातीच माती, आणि तरीही हुतूतू चालूच. तो आवाज हौसाला अजून ऐकू यायचा.

पुढे, वीस वर्षांपूर्वी, भाऊ वेगळे निघाले. शेत वाटलं, बैल वाटले, आंब्याची झाडं वाटली. मग कुणीतरी म्हणालं, संघाचं काय? मंडळाचं नाव राघोचं, खळं महिपतचं, करंडक नथूच्या घरात. दोन दिवस भांडण चाललं. शेवटी सात जागाही वाटल्या. दोन महिपतच्या घराच्या, दोन राघोच्या, दोन नथूच्या. सातवी उरली. हौसा त्याआधीच नवरा साप चावून गेल्यामुळे माहेरी परत आली होती. जमिनीच्या हक्कसोडीवर तिने त्याच सकाळी अंगठा उठवला होता. राघो म्हणाला, "हिनं सगळं सोडलं. सातवी जागा हिची. ती सांगंल तो खेळंल." भाऊ हसले होते. पण राघोचा शब्द होता, तो राहिला.

आणि हौसाने सातवी जागा वीस वर्षं साईनाथला दिली होती.

"उरका आता," महिपत म्हणाला. अठ्ठ्याहत्तरीतही त्याचा आवाज ओटीभर पोहोचायचा. त्याने दोन जर्स्या उचलून आपल्या दोन नातवांच्या अंगावर टाकल्या. राघोच्या घरातून दीपेश आणि त्याच्या भावाने आपापली उचलली. नथूने आपल्या दोघांना दिल्या, आणि मग तो खाकरला.

"अक्का," तो हौसाच्या बाजूला सरकला. नथू सगळ्यांत धाकटा, पण एकोणसत्तरीचा. "तुझा चा निवला. अनिता, अक्काला गरम दे गो."

"एवढी माया कवापासून रं?" हौसा म्हणाली.

"माया कशाला! मी आपलं बोलतो. महिपतदादाच्या घरातले तीन खेळतात, माझे दोन. माझ्या घरात चार पोरं हायेत उभी. लडकू नुसता बाकावर बसून पाठ झिजवतोय. डावा कोपरा काय खेळतो तो!"

"नथू, सातवी हौसाची हाय," महिपत गुरकावला.

"हौसाची हाय म्हनूनच हौसाशी बोलतोय. तुझ्याशी बोल्लो का मी?"

साईनाथ भिंतीला टेकून बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याला या भांडणाची सवय होती. दरवर्षी नथूकाका बोलायचा आणि दरवर्षी आत्या जर्सी त्याच्याकडे फेकायची. त्याने वर न बघताच हात पुढे केला.

"दे आत्या. टेम्पो खोळंबलाय."

हौसाने सातवी जर्सी मांडीवर घेतली होती. तिने तिची घडी मोडली, पुन्हा घातली. साईनाथचा हात तसाच पुढे.

"गनूला बोलवा," ती म्हणाली.

"कोन गनू?" महिपतने विचारलं. त्याला माहीत होतं.

"जयरामचा. ओढ्याकडचा. कंपनीच्या संघात खेळतो तो. बोलवलाय मी त्याला, बाहेर गाडी लावून उभा हाय."

साईनाथचा हात खाली आला. एकदम सगळेच बोलले.

"जयरामचा?" नथू उठूनच उभा राहिला. "अक्का, डोकं ठिकाणावर हाय ना? आपल्या भावकीचा तरी हाय का तो?"

"नथू बरोबर बोलतोय," महिपत म्हणाला. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांच्या अंगावर येणारे भाऊ आता शेजारी उभे होते. "जागा घराबाहेर गेली का गेली, हौसा. परत येत नाय. तुला नको तर नथूच्या लडकूला दे. मी काय बोलनार नाय."

"आता देतोस व्हय लडकूला? वीस वर्सं कुठं व्हतास?" हौसा म्हणाली. "आरं, संघ म्हंजे काय वावर हाय का, बांध घालायला? दोन तुझे, दोन माझे! तुझ्या दोनातला एक वाऱ्याला घाबरतो, नथूच्या एकाला शेवया खाऊन पळवत नाय. पन वाटा हाय ना! सहा सामने गेले त्या वाट्यापायी. आनि ओढ्याकडं पोरगा दोन वर्सं एकटा सराव करतोय, त्याला कोन इचारत नाय."

"तूपन वीस वर्सं वाटाच खाल्लास की," महिपत म्हणाला.

"खाल्ला," हौसा म्हणाली. "मीपन खाल्ला."

साईनाथ आता तिच्यासमोर येऊन उभा राहिला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला.

"आत्या, माझं काय चुकलं?"

"काय नाय चुकलं, बाळा. तुजा गुडघा—"

"गुडघा माझा हाय. मी काय तक्रार केली? गट जातोय. आज शेवटचा सामना. कप्तान घरी बसवतेस?"

"तक्रार तुमी नाय केली." हे अनिता बोलली. साईनाथची बायको सासऱ्यासमोर ओटीवर कधी बोलत नसे. चहाचा ट्रे हातात तसाच धरून ती दारात उभी होती. "दिवसातनं चार वेळा तेल मीच लावते. जिना उतरताना कठडा धरता, मी बघत नाय असं वाटतं तुमाला. डागतर काय बोल्ला ते सांगू का सगळ्यांना?"

"अनिता, आत जा."

"जाते. पन आत्या बरोबर बोलतात."

"राघोआजोबा असते तर..." दीपेशने तोंड उघडलं.

"तू गप. तू अजून रेषा बघायला शिक," साईनाथ म्हणाला. एक-दोघं हसले, पण त्याच्याकडे बघून लगेच थांबले. तो हौसाकडे वळला. "ठीक हाय. जागा तुझी. कोनाला द्यायची ती दे. पन मग उद्यापासून मला बाळा-बिळा बोलू नको."

तो बूट न सोडताच पायऱ्या उतरला. मोटारसायकलचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग तोही गेला.

"पोर तोडलंस, हौसा," महिपत म्हणाला.

हौसा जर्सी घेऊन अंगणात गेली आणि गणूच्या हातात दिली. चोवीस वर्षांचा उंच गडी. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

"आजी, साईनाथदादा..."

"तू खेळाचं बघ," ती म्हणाली.

टेम्पो निघाला. सरळगावच्या रस्त्याला पळस पेटला होता, आंब्यांना मोहोर होता, कापलेल्या शेतांतून वालाच्या शेंगांचा वास येत होता. याच रस्त्याने ते सगळे एकेकाळी पायी गेले होते. तिघे भाऊ पुढे, मागे भाकऱ्यांचं गाठोडं घेतलेली ती. त्या वेळी हरलो काय, जिंकलो काय, परतताना राघो गायचा. आता महिपत उजवीकडे बघत होता, नथू डावीकडे, आणि हौसा मागच्या फळीवरून सुटत जाणाऱ्या रस्त्याकडे. मोटारसायकल मागून येते का, एवढंच ती बघत होती. जमीन सोडताना तिला एवढं जड गेलं नव्हतं. जमीन तिची नव्हतीच कधी. हा पोर मात्र तिचा होता.

मुरबाडच्या मैदानात हिरव्या-निळ्या मॅट अंथरल्या होत्या. समोर मुरबाडच्या बाजूचा तगडा संघ. हौसा आपल्या जागी बसली. पंच म्हणाले, "आजी, आज शांत ना?" ती हसली नाही.

पहिल्या डावात गणूने तिला बोलायला जागाच ठेवली नाही. तो चढाईला गेला की पाय मॅटला लागतात की नाही कळत नव्हतं. पहिल्याच चढाईत बोनस, दुसरीत दोन गडी. दीपेशलासुद्धा चेव आला. तो रेषेच्या आत राहिला. मध्यंतराला नवतरुण दोन गुणांनी पुढे होतं. किन्हवलीनंतर पहिल्यांदाच. नथू टाळ्या वाजवत होता आणि "आपला गनू, आपला गनू" म्हणून शेजारच्यांना सांगत होता. हौसाने मान वळवून मागची गर्दी पुन्हा एकदा नीट पाहिली. साईनाथचा लाल शर्ट कुठेच नव्हता.

दुसऱ्या डावात समोरच्यांनी गणूला ओळखलं. एकदा पकडला, आणि तो बाहेर बसला तसा संघ ढासळला. महिपतचा धाकटा नातू पाय मागे ओढत राहिला, नथूचा थोरला दमला. लोण चढला. चार गुणांनी मागे. "साखळी धर! साखळी!" हौसा ओरडली, पण तिच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. गणूने परत येऊन दोन गुण भरून काढले, आणि पाच मिनिटं राहिली असताना दीपेशच्या पोटरीत गोळा आला. तो डाव्या कोपऱ्यात आडवा झाला.

बदली गडी हवा होता. आणि बाकावर भांडण सुरू झालं.

"दीपेशची जागा राघोची," महिपत म्हणाला. "राघोच्या घरचं आनखी कोन हाय?"

"कोन नाय. म्हनून लडकू जाईल," नथू म्हणाला.

"म्हंजे तुझे तीन झाले? माझा मधला नातू जाईल."

"त्याला कोपरा खेळता येतो का?"

"तुझ्या लडकूला काय येतं?"

पंचांनी घड्याळ दाखवलं. लडकू अर्धा उठून पुन्हा बसला, पुन्हा उठला. मैदानातले सहा जण कमरेवर हात ठेवून बाकाकडे बघत होते, आणि समोरचा संघ हसत होता.

"लडकूला घाला!"

आवाज गर्दीच्या मागून आला. साईनाथ माणसं बाजूला सारत पुढे आला. पायांत सकाळचेच बूट, अंगावर लाल शर्ट, धुळीने माखलेला. समोरच्या संघाच्या बाजूला, पाण्याच्या टाकीमागे तो सामना सुरू झाल्यापासून उभा होता, हे नंतर कळलं.

"काय बघताव? डावा कोपरा त्याचा हाय. घाला त्याला."

"साईनाथ!" महिपतच्या डोळ्यांत पाणी आलं. "तूच जा आत. बूट हायेत. नाव लिवलेलं हाय तुझं यादीत."

सगळे त्याच्याकडे बघत होते. हौसाने पदर तोंडात धरला. तो हो म्हणाला असता तर ती आडवी आली नसती. तिची ताकद सकाळीच संपली होती.

साईनाथने मॅटकडे पाहिलं. एकदा, चांगलं डोळे भरून.

"मी नाय, बाबा. ह्या पायानं पकड सुटती. सहा सामने मीच सोडल्यात." त्याने लडकूच्या पाठीत थाप मारली. "जा रं. कोनाच्या वाट्याचा हायस ते इसर आनि त्या बारक्याचा घोटा धर. तो उजव्या पायावर येतो. धरच."

लडकू गेला. साईनाथ क्षणभर बाकाजवळ घुटमळला. मग तो आला आणि हौसाच्या गोणपाटावर, तिच्या बाजूला धपकन बसला. उजवा पाय वाकेना, तेव्हा त्याने तो दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. यावेळी त्याने ते लपवलं नाही. हौसा सरकली. दोघंही समोर बघत होती.

लडकूने बारक्याचा घोटा धरला. "शाब्बास!" साईनाथ असा ओरडला की पंच दचकले. पुढच्या चढाईत महिपतचा नातू उगाच पुढे धावला. "अरे मागं! मागं हो! डोळे हायेत का गोट्या?"

"आरं, तो कायम असाच करतो," हौसा म्हणाली. सकाळच्या भांडणानंतर ती त्याच्याशी बोललेला पहिला शब्द.

"कायम?"

"वर्सभर."

एक गुण मागे आणि शेवटची चढाई. गणू गेला. मैदान उठून उभं राहिलं. साईनाथ हौसाच्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिला, ती त्याच्या हाताचा. गणूने उजव्या कोपऱ्याला बोट लावलं, वळला, आणि साखळी त्याच्यावर कोसळली. पाच जण अंगावर घेऊन तो सरकत राहिला. एक हात, अर्धा हात. मधली रेषा वीतभर राहिली असताना शिट्टी वाजली.

समोरच्यांचे ढोल सुरू झाले. नथू डोक्याला हात लावून खाली बसला. गेला गट. चव्वेचाळीस वर्षांनी गेला. महिपत जाऊन गणूजवळ उभा राहिला आणि त्याने आपला टॉवेल काढून त्याच्याकडे दिला.

लोक पांगले, मॅटच्या गुंडाळ्या होऊ लागल्या, तरी गोणपाटावरची दोघं उठली नव्हती.

"डावीकडनं जायला हवं व्हतं त्यानं," हौसा म्हणाली.

"येडी का काय तू? डावीकडं तिघं व्हते."

"तिघं दमलेले. उजवा ताजा. मी बघत व्हती."

साईनाथने विचार केला. "हां," तो म्हणाला. "दमलेले व्हते खरे." मग तो गुडघा चोळत म्हणाला, "आत गेल्यावर ह्यातलं काय दिसतच नाय गो. हिथनं सगळं दिसतं. तुला वीस वर्सं सगळं दिसत व्हतं?"

"सगळं."

"मंग बोलली का नाय कधी?"

"बोलत व्हती की! घसा फुटंस्तोवर बोलत व्हती. तूच सांगायचास पोरांना, लक्ष देऊ नका, आत्या नुसती वरडते."

साईनाथ हसू लागला. हसता हसता त्याने मान खाली घातली आणि तिला कळलं की तो आता हसत नाही. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. टेम्पोतून महिपत हाका मारत होता, नथू हॉर्न वाजवत होता.

"आत्या," शेवटी तो म्हणाला, "ब गटाचे सामने कवा सुरू व्हतात?"

"मला काय ठाव, बाळा," हौसा म्हणाली. "आमी कधी खेळलोय का ब गटात?"